मामांच्या बाजूने

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. गळ्याची शपथ, डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यावर भागत नसेल तर माझ्या उरलेल्या चार दातांची शपथ. मध्येमध्ये तुम्हाला वाटेल, म्हातारी थापा हाणते आहे. वाटू दे. तोंडावर पदर घेऊन हसा, पण ऐका.

१

शनिवारी सकाळी साडेनऊला वकीलबाईंच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, आणि आत असायला हवी ती वही नव्हती.

कपाट उघडलं टाइपबाईंनी. एकतीस वर्षं त्या ऑफिसात टाइपरायटर बडवत होत्या. बोटं अशी चालायची की एकदा मशीनमधून धूर निघाला आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पाण्याची बादली घेऊन वर धावले. त्यांच्यामागे त्यांचा पेशंटही धावला, गळ्यात फडकं आणि तोंडात कापूस तसाच. खोटं वाटेल, पण मी शपथ घेतली आहे.

तर वही नव्हती. टाइपबाईंनी फाइल उलटी केली, झटकली, कपाटाच्या तळाशी हात घातला. लाल पुठ्ठ्याची, मळकी, चांगली दोन बोटं जाड वही. हरवायला ती काय टाचणी होती?

आता ती वही कसली, ते ऐका. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात पाच आठवड्यांत तीन म्हातारी माणसं गेली. तिघांच्याही पोटात झोपेचं औषध, हवं त्याच्या दहापट. तिथल्या नर्सला पकडलं. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ठेवलं औषधवाली, आणि कोर्ट भरायच्या आधीच शहराने निकाल देऊन टाकला. एकही वकील तिच्या वाऱ्याला उभा राहीना. तेव्हा आमच्या मॅडमनी तिचं वकीलपत्र घेतलं.

आणि त्या दिवसापासून ऑफिसाला लाजेचं ग्रहण लागलं. रोज सकाळी जिन्यावर कोणीतरी खडूने लिहून जायचं, 'लाज वाटते का?' शिपाईमामा रोज ओल्या फडक्याने ते पुसायचे. मॅडमची ज्युनिअर, सव्वीस वर्षांची हुशार पोरगी, काळा कोट पिशवीत कोंबून मगच बसमध्ये चढायची. टाइपबाईंच्या लेकीचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. सासरी त्यांनी सांगून टाकलं होतं की आमच्याकडे फक्त झाडांचे, भिंतींचे आणि गटारांचे दावे येतात. जिन्यावर पाऊल वाजलं की औषधवालीचा कागद त्या जवळ असेल त्या कव्हरात सरकवायच्या, आलेलं माणूस गेलं की बाहेर काढायच्या. दातांचे डॉक्टर म्हणजे मॅडमचे यजमान. ते तर हल्ली पेशंटच्या तोंडात बोट घालूनच बोलायचे, म्हणजे उलट प्रश्न येत नाही.

वहीत काय होतं? औषधांच्या कपाटाची किल्ली कुठल्या वेळी कोणाकडे, त्याची नोंद आणि सह्या. आश्रमाच्या संचालिकेने कोर्टात शपथेवर सांगितलं होतं की किल्ली कायम नर्सकडेच असायची, आणि नोंदीची वही म्हणे हरवली. ती वही आश्रमाच्या स्वयंपाकीणबाईला अडगळीत सापडली. शुक्रवारी दुपारी तिने गुपचूप आणून दिली. तिसरा म्हातारा गेला त्या दिवशी, दुपारी दोन ते सहा, किल्ली घेतल्याची सही होती खुद्द संचालिकेची. सोमवारी मॅडम तिची उलटतपासणी घेणार होत्या.

नक्कल काढली नव्हती. आधी दोनदा ऑफिसातले कागद वर्तमानपत्रांत फुटले होते, म्हणून मॅडमचा हुकूम होता की बाहेरून आलेला कागद न्यायाधीशांच्या टेबलावर जाईपर्यंत त्याची नक्कल करायची नाही.

मॅडमनी कपाटाचं कुलूप बोटाने चाचपलं. ओरखडासुद्धा नव्हता.

"बाई," त्या म्हणाल्या, "हे बाहेरच्याचं काम नाही. आपल्यातल्याच कोणाचं तरी आहे. आणि सोमवारी ती वही माझ्या हातात नसेल, तर ती बाई जन्मभर आत राहील."

२

पोलिसात जायची सोय नव्हती. बभ्रा झाला असता तर संचालिका सावध झाली असती. मॅडम म्हणाल्या, शोध तुम्हीच घ्या, या ऑफिसात कोण कधी शिंकतं तेसुद्धा तुम्हाला ठाऊक असतं.

खरंच होतं ते. टाइपबाईंचं नाक लांब, कान तिखट आणि चष्मा असा की भिंतीपलीकडचं दिसावं. मनातून त्यांना जरा बरंच वाटलं. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे जबाब टाइप केले, आता स्वतः जबाब घ्यायचे.

त्यांनी आधी आपलाच शुक्रवार आठवून पाहिला. तीन वाजता मॅडमनी वही त्यांच्या ताब्यात दिली. ती टेबलावर फाइलीच्या वर ठेवली होती, हे त्या कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायला तयार होत्या. चार वाजता विहीणबाई गाल धरून आल्या. दाढ ठणकत होती, खाली डॉक्टरांकडे एकटीने जायची हिंमत नव्हती. टाइपबाई त्यांच्याबरोबर खाली गेल्या, दाढ निघेपर्यंत हात धरून बसल्या आणि तशाच त्यांना घरी पोचवायला गेल्या. जाताना आपली किल्ली ज्युनिअरला दिली आणि सांगितलं, टेबलावरचं ते सगळं कपाटात ठेव.

म्हणजे पहिला नंबर ज्युनिअरचा.

पोरगी म्हणाली, टेबलावर औषधवालीची फाइल होती ती तशीच उचलली आणि कपाटात ठेवली. वर वही होती का? आठवत नाही. एवढं बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत होती नुसती.

पोरगी हात धुवायला गेली, तशी टाइपबाईंनी मशीनजवळचा कार्बन पेपर उजेडाला धरला. आपल्या मशीनची अक्षरं त्या झोपेतही ओळखायच्या, पण हा मजकूर त्यांचा नव्हता. दुसऱ्या एका मोठ्या वकिलाला अर्ज होता. 'इथे ज्या प्रकारच्या लोकांची बाजू घ्यावी लागते, ते माझ्या मनाला पटत नाही.' खाली शुक्रवारची तारीख.

पोरगी परत आली आणि कार्बन बघून तिचा चेहरा असा पडला की उचलायला दोन माणसं लागली असती. हो, अर्ज केलाय, म्हणाली. होणाऱ्या सासूने निरोप पाठवला होता, औषधवालीच्या वकिलाची मदतनीस आम्हाला घरात नको. शुक्रवारी सगळे गेल्यावर थांबून तिने हाच अर्ज टाइप केला. वहीला हात लावला नाही.

"मला लाज वाटते," ती म्हणाली. "आधी या कामाची वाटायची. आता अर्जाचीच वाटते."

तेवढ्यात फोन वाजला. झाडाच्या दाव्यातला थोरला भाऊ. दोन भाऊ, मध्ये एक झाड, पानं कोणाच्या अंगणात पडायची यावर अकरा वर्षं कज्जा. झाड एवढं मोठं की त्याच्या सावलीला दोघांची घरं, एक दवाखाना आणि अर्धी शाळा मावायची. परवाच तडजोड झाली होती आणि त्याची फाइल शुक्रवारी त्याला परत पोचवली होती. तो विचारत होता, यातलं सगळं वाचायलाच हवं का? टाइपबाई घाईत होत्या. सगळं नीट वाचा आणि जपून ठेवा, म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

पोरगी खरं बोलत होती असं त्यांना वाटलं. पण जाताजाता ती एक वाक्य बोलून गेली. शुक्रवारी संध्याकाळी ती टाइप करत बसली असताना डॉक्टर चोरपावलांनी वर आले होते, आणि जाताना त्यांच्या कोटाखाली काहीतरी चपटं होतं.

३

डॉक्टर एका बाईच्या तोंडात आरसा घालून उभे होते. टाइपबाई दारात उभ्या राहिल्या आणि हटेनात. शेवटी पेशंटच म्हणाली, जा तुम्ही, मी तोंड उघडं ठेवते.

आतल्या खोलीत टाइपबाईंनी सरळ विचारलं, कोटाखाली काय होतं? डॉक्टरांनी आधी एक्स-रे म्हटलं, मग पंचांग म्हटलं. मग खालचा खण उघडला. खोट्या दातांच्या पाच कवळ्यांखाली पितळेची पाटी होती. मॅडमच्या नावाची. जिन्याच्या वरच्या दारावरची.

डॉक्टर खुर्चीत बसले, पेशंट बसतात तसे, हात घट्ट धरून. म्हणाले, पेशंट अर्ध्यावर आले. शेजारचा म्हातारा चाळीस वर्षं दाखवायला येतो, परवा कवळी टेबलावर ठेवून म्हणाला, तुमच्या बायकोच्या हातचं जेवता कसं तुम्ही? तेव्हा वाटलं, पाटी नसली तर निदान जिन्यात कोणी थांबून वाचणार नाही. बायकोला सांगितलं, पॉलिशला दिली आहे.

"एकदा विचारलं मी तिला," ते हळूच म्हणाले, "त्या बाईने खरंच केलंय का? तर म्हणाली, मी विचारलंच नाही. असं कसं असतं हो?"

टाइपबाईंनाही ते कधी पटलं नव्हतं. मॅडमचा नियमच होता, केलंस का असं अशिलाला विचारायचं नाही. पण आत्ता त्यांना वही हवी होती. पाटी पितळेची, वही पुठ्ठ्याची. डॉक्टर सुटले.

सुटताना त्यांनी दुसऱ्यावर ढकललं, माणूस ढकलतोच. म्हणाले, बाई, तुम्हाला माहीत आहे का, मामांची थोरली बहीण त्याच आश्रमात होती. पहिला मृत्यू झाला तसं मामांनी तिला घरी आणलं. मला दाढ दाखवायला आली होती, तेव्हा कळलं. मामांनी ऑफिसात एका शब्दाने सांगितलं नाही ना?

नव्हतं सांगितलं. टाइपबाईंच्या मनात आलं, खटला घेतल्यापासून चार महिने त्या माणसाच्या हातचा चहा, आणि बहीण त्या आश्रमात.

४

मामा चहाचे कप विसळत होते. साठी उलटलेली, पाठ ताठ, बोलणं मोजकं. टाइपबाईंनी खुर्ची ओढली.

शुक्रवारी संध्याकाळी काय केलं? मामा म्हणाले, पाच वाजता झाडाची फाइल थोरल्या भावाला पोचवली. मग? मग एका ठिकाणी गेलो. साडेपाचला कुलूप लावायला येतो म्हणून पोरीला सांगितलं होतं, आलो सातला. कुठल्या ठिकाणी? मामा कप पुसत राहिले. कप कोरडा झाला तरी पुसत राहिले.

"त्या ठिकाणाचं नाव मी घेणार नाही, बाई."

खुंटीला मामांची कापडी पिशवी लटकत होती. टाइपबाईंनी विचारलंही नाही. पिशवी काढली आणि टेबलावर उपडी केली. आतून एक बायकी शाल निघाली, झालरीची, आणि साबणाचा कागद.

मग टाइपबाईंचं डोकं असं पळालं की थांबवायला ब्रेक नव्हता. बहीण आश्रमात होती. मरता मरता वाचली. भावाच्या मनात नर्सबद्दल आग. ही तिची शाल, म्हणजे वही घेऊन हा घरी बहिणीकडे गेला, सूड घेतला आणि वही चुलीत घातली. त्यांनी मॅडमना, ज्युनिअरला, डॉक्टरांनासुद्धा हाक मारली, आणि सगळ्यांसमोर एकेक मुद्दा बोटावर मोजून सांगितला. आवाज चढला होता. मामांना त्यांनी 'तुम्ही' म्हणायचं सोडून 'हा माणूस' म्हटलं.

मामा खाली बघत होते. एकदाच म्हणाले, बहीण होती ते खरं, पिशवी माझी ते खरं, वही नाही. पण कुठे गेलो होतो, ते सांगेनात.

ज्युनिअर कुजबुजली, गप्प बसतात म्हणजे काहीतरी आहेच. डॉक्टर मान हलवत होते. सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता. कोणीतरी सापडलं होतं, आणि ते आपण नव्हतो.

टाइपबाई म्हणाल्या, सिद्ध झालं.

मॅडम टेबलाच्या कडेला टेकून ऐकत होत्या. म्हणजे त्या रागावल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज खाली आला होता. एरवी त्यांनी कोर्टात नुसतं 'महाराज' म्हटलं की छपरावरची कबुतरं उठून पार नदीपलीकडे जाऊन बसायची.

"मामांच्या बाजूने कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

कोणीच बोललं नव्हतं.

"मग तुम्ही बोला, बाई."

५

टाइपबाईंना वाटलं, मॅडम थट्टा करताहेत. मीच तर पकडलं त्यांना, त्या म्हणाल्या.

"म्हणूनच. सगळं तुम्हालाच माहीत आहे. दहा मिनिटं त्यांच्या बाजूने उभ्या राहा. तुम्हाला पटलं पाहिजे असं नाही. नीट बोललं पाहिजे."

टाइपबाई उभ्या राहिल्या. कान लाल झाले होते. एकतीस वर्षं त्यांनी असं बोलणं टाइप केलं होतं, तोंडातून मात्र एक वाक्य येईना. शेवटी मॅडम करायच्या तसंच त्यांनी केलं, मामांनाच विचारायला लागल्या. आधी उगीच, रेटायचं म्हणून.

टेबलाजवळ आलात कधी? पाच वाजता. कशाला? झाडाची फाइल घ्यायला. ती कुठे होती? तुमच्या टेबलावर, या कोपऱ्यात. शेजारी औषधवालीची फाइल होती? होती. तिच्यावर लाल वही होती?

"नव्हती," मामा म्हणाले.

ज्युनिअरने तर फाइल नंतर उचलली होती. मामा खरं बोलत असतील तर वही पाचच्या आधीच गेली. टाइपबाई जरा सावरून उभ्या राहिल्या. बाजू घ्यायची म्हटल्यावर आता ऐकावंच लागत होतं.

झाडाची फाइल बांधलेली होती? मामा म्हणाले, नाही, नाडी सुटली होती. बांधायला गेलो तर पुरेना. टोकाला टोक येईना. शेवटी सुतळी गुंडाळली.

"पुरेना कशी?" टाइपबाई म्हणाल्या. "गुरुवारी मीच बांधली ती. फूल मारूनसुद्धा वीतभर नाडी उरली होती."

आणि बोलता बोलता हवेतच हातांनी नाडीचं माप घ्यायला लागल्या.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. गुरुवारी नाडी उरत होती, शुक्रवारी पुरत नव्हती. दाव्यात तडजोड झालेली, नवा कागद एकही यायचा नव्हता. मग फाइल जाड झाली कशाने? दोन बोटांनी जाड?

नेमकं तेव्हाच खाली जिन्यावर पाऊल वाजलं. डॉक्टरांची ती तोंड उघडं ठेवलेली पेशंट होती, कंटाळून वर बघायला येत होती. आणि टाइपबाईंचा उजवा हात उठला. सगळ्यांच्या देखत, त्यांना न विचारता, टेबलावरची औषधवालीची फाइल त्याने शेजारच्या भिंतीच्या दाव्याच्या कव्हरात सरकवली. कव्हराचा कोपराही नीट दाबला. काम झाल्यावर परत मशीनवर जाऊन बसला.

टाइपबाईंनी त्या हाताकडे पाहिलं. तो जणू दुसऱ्या कोणाचा होता.

शुक्रवारी चार वाजता जिन्यावर विहीणबाईंची पावलं वाजली होती. एरवी माणूस आलं की जायचं, आणि कागद बाहेर यायचा. विहीणबाई एकट्या गेल्याच नाहीत. टाइपबाईंना घेऊन गेल्या.

"मी," टाइपबाई म्हणाल्या. "मीच घातली. विहिणीला दिसू नये म्हणून."

पेशंट दारात येऊन उभी राहिली, सगळ्यांची तोंडं बघितली आणि परत खाली गेली.

मग ज्युनिअर म्हणाली, ठीक आहे, पण मामा कुठे गेले होते? मॅडम म्हणाल्या, ते आता सांगायची गरज नाही. पण मामांनीच सांगितलं, कपाकडे बघत. बायकांच्या तुरुंगाच्या फाटकावर गेलो होतो. बहिणीने पाठवलं होतं. आश्रमात ती नर्स तिचे केस विंचरायची. तिला आत भेटायला कोणी येत नाही. साबण घेतला त्यांनी, झालरीची शाल चालत नाही म्हणून परत दिली. आमच्या गल्लीत कळलं असतं तर तोंड दाखवायची सोय राहिली नसती, म्हणून बोललो नाही.

टाइपबाईंच्या टेबलावर ती शाल अजून पसरलेली होती, त्यांनी उपडी केली तशीच.

मॅडम हळूहळू म्हणाल्या, "अशिलाला मी विचारत नाही, ते तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला उत्तराची भीती वाटायची. अजून वाटते. तत्त्व नंतर सुचलं." मग घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, कोर्टात बोलताना माझे पाय कापतात हे मला ठाऊक आहे, तुमच्यापैकी कोणाला नव्हतं इतकंच. चला, झाडाकडे.

६

थोरला भाऊ झाडाखाली आरामखुर्चीत बसला होता. मांडीवर लाल वही. वहीवर चहाच्या कपाचं गोल ओलं वर्तुळ.

तो खुशीत होता. म्हणाला, सगळं नीट वाचा म्हणालात, दोनदा वाचलं. माझ्या दाव्यात एवढी औषधं कुठून आली कळेना, पण सोडवेना. मॅडमनी 'तिसरा मृत्यू, किल्ली आरोपीकडे नाही' अशी चिठ्ठी लावलेलं पान उघडून त्याने बोट ठेवलं.

"हे बघा. तिसरा म्हातारा गेला त्या दुपारी किल्ली या बाईकडे नव्हतीच. दुसरीच सही आहे. मग ज्या बाईकडे किल्ली नाही, तिला कशाला धरायचं? पोरालासुद्धा कळेल."

टाइपबाईंनी सांगितलं, ही बाई म्हणजे औषधवाली.

त्याने वही अशी लांब धरली, जणू तिच्यातून वास येत होता. "ती? आधी सांगायचं होतंत. मी वाचलीच नसती."

टाइपबाईंनी वही घेतली आणि छातीशी धरली, पाटी धरतात तशी, लाल पुठ्ठा बाहेर. रस्ताभर माणसं बघत होती. ऑफिसात पोचल्यावर त्या आधी मोरीपाशी गेल्या, जिथे मामा कप विसळत होते. सगळ्यांच्या देखत हात जोडले आणि म्हणाल्या, मामा, चुकले. तुम्हाला 'हा माणूस' म्हणाले. मला माफ करा. मामांनी नळ बंद केला, म्हणाले, अहो बाई, असू दे, आणि त्यांना चहा दिला, दुप्पट साखरेचा.

सोमवारी मॅडमनी संचालिकेसमोर वही उघडली. ही सही कोणाची, एवढंच विचारलं. संचालिकेने तीनदा पाणी मागितलं. तिसऱ्या पेल्याला न्यायाधीश स्वतःच म्हणाले, आता सांगून टाका. कबुतरं नदीपलीकडे गेली ती आठवडाभर परतली नाहीत. तिसरं प्रकरण मोडलं, तसं तिन्ही मिळून बांधलेली मोळीच सुटली, आणि दोन महिन्यांनी नर्स बाहेर आली.

पहिल्या दोघांचं काय? विचाराल तुम्ही. मॅडमनी विचारलं नाही, टाइपबाईंनी विचारलं नाही. कोर्टाने म्हटलं, सिद्ध होत नाही. जिन्यावर खडूने लिहिणं थांबलं नाही, आणखी दोन पायऱ्या खाली आलं. ज्युनिअर राहिली, कोट घालून बसने जायला लागली, लग्न मोडलं. डॉक्टरांनी पाटी परत लावली, पॉलिश करून.

एकदा दुपारी नर्स ऑफिसात आली. जिन्यावर पाऊल वाजलं, आणि टाइपबाईंचा हात उठला. तिचीच फाइल होती टेबलावर. तिच्या देखत सरकली कव्हरात. नर्सने पाहिलं. असं बघायची तिला सवय झाली असावी, कारण तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मामा आहेत का, विचारलं. बहिणीसाठी एक कंगवा आणला होता, तो दिला आणि गेली.

झाली गोष्ट. आता तुम्ही म्हणाल, आजी, यातलं खोटं काय ते सांग. टाइपरायटरचा धूर? खरा. तोंडात कापूस घेऊन धावलेला पेशंट? खरा, अजून भेटतो. कबुतरं, अर्ध्या शाळेला पुरणारं झाड, दोनदा वाचलेली वही, सगळं खरं.

एक गोष्ट तेवढी मी माझ्या पदरची घातली. टाइपबाईंनी मामांची माफी मागितली नाही. वही आणून टेबलावर ठेवली, शाल घडी करून पिशवीत घातली, पिशवी खुंटीला लावली आणि कामाला लागल्या. उद्या मागू म्हणून. मामांनी त्यानंतर चार वर्षं रोज चहा दिला. मामा निवृत्त झाले तेव्हा निरोपाचं पत्र टाइपबाईंनीच टाइप केलं. तीनदा कागद घातला, तीनदा काढला. चौथ्यांदा जे टाइप झालं त्यात कष्टाळू होतं, प्रामाणिक होतं, सगळं होतं, तेवढं एक सोडून.

म्हटलं, गोष्टीत तरी मागू दे त्यांना.